जुन्या लुगड्याच्या चांदण्या

नाताळ २५ डिसेंबरला, पण वसईकडे घराघरांवर चांदण्या त्याआधीच लागतात. बाजारच्या चमचमत्या चांदण्या दिसतात छान, पण जानेवारीत बऱ्याचशा उकिरड्यावर जातात. कापडाची चांदणी पुढच्या वर्षीही टांगता येते.

पुठ्ठ्यावर पाच टोकांची वीतभर चांदणी आखून कापा. कापडाच्या दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा, वर पुठ्ठा धरून पेन्सिल फिरवा आणि त्याच रेषेवर बारीक उलटी टीप घाला. दोन बोटं जागा उघडी ठेवा. रेषेबाहेर पाव इंच सोडून कापा. खरी गोम पुढेच आहे. आतल्या पाचही कोपऱ्यांत टिपेपर्यंत छोटा छेद द्या, टाका मात्र तुटू देऊ नका. नाहीतर उलटवल्यावर कापड चुण्या घेतं आणि चांदणीचा बटाटा होतो! टोकं विणायच्या सुईच्या बोथट बाजूने काढा. चिंध्या आधी टोकांत भरा, मग पोटात, आणि तोंड शिवून टाका.

कापड जुनं, सुतीच घ्या. ओळखीच्या एका घरी यंदा आजीशिवायचा पहिला नाताळ. तिचं लाल लुगडं कापायचं की नाही, यावरून दोघी लेकींत अबोला धरायची वेळ आली. मी म्हटलं, पदर नि काठ तसेच ठेवा, विरलेला भाग तेवढा घ्या. सात चांदण्या निघाल्या. थोरलीने कातरीला हात लावला नाही, पण टीप सगळी तिनेच घातली. एक चांदणी गोठ्यावर, बाकीच्या नातवंडांकडे गेल्या.

विरलेल्या कापडाला मात्र आतून जुन्या चादरीचं अस्तर लावा हं, टीप उसवत नाही.