वाईनची बाटली खरी की बनावट? ब्लॉकचेन सांगेल, पण अर्धंच

तर गोष्ट एप्रिल २००८ ची. न्यूयॉर्कमध्ये दुर्मिळ वाईनचा लिलाव होता. यादीत फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या 'दोमेन पोन्सो' या वाईनरीच्या बाटल्या होत्या. वाईनचं नाव 'क्लो सां-दनी', लेबलवर १९४५ ते १९७१ दरम्यानची सालं. दिसायला सगळं चोख. गडबड एवढीच होती, की या वाईनरीने ही वाईन बनवायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती.

वाईनरीचे प्रमुख लॉराँ पोन्सो फ्रान्सहून थेट लिलावाच्या हॉलमध्ये पोहोचले आणि त्या बाटल्या विक्रीतून मागे घेतल्या गेल्या. त्या आणल्या होत्या रुडी कुर्नियावान नावाच्या तरुणाने. मार्च २०१२ मध्ये एफबीआयने त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरावर छापा टाकला, तेव्हा छापील लेबलांचे गठ्ठे, बुचं आणि रबरी शिक्के सापडले. वेगवेगळ्या वाईन एकत्र करून हा गडी घरच्या घरीच 'दुर्मिळ' माल तयार करत होता. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

एवढी वर्षं हे खपलं कसं? सोनं कसाला लावून बघता येतं. वाईन बघायची तर बूच काढावं लागतं, आणि बूच काढलं की दुर्मिळ बाटलीची किंमत तिथेच संपली. म्हणजे लाखोंचा व्यवहार होतो तो आतल्या वाईनवर नाही, तर लेबल, काच आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या कहाणीवर. ही कहाणीच बदलता येणार नाही अशी करून ठेवू, असं ब्लॉकचेनवाले म्हणतात.

म्हणजे नेमकं काय करायचं?

सातबारा डोळ्यासमोर आणा. जमीन कुणाची होती, कुणाकडे गेली, कर्ज किती, सगळ्याच्या नोंदी. मात्र हे दप्तर एकाच यंत्रणेच्या ताब्यात असतं. ब्लॉकचेन म्हणजे असंच दप्तर, पण त्याच्या प्रती एकाच वेळी अनेक कॉम्प्युटरवर. प्रत्येक नवी नोंद गणिताने आधीच्या नोंदीला बांधलेली. मधलीच एक ओळ कुणी गुपचूप बदलली, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो आणि बाकीच्या प्रतींशी ताळा बसत नाही. थोडक्यात, खाडाखोड लपत नाही.

वाईनमध्ये याचा चर्चेत आलेला पहिला मोठा प्रयोग २०१६ च्या शेवटी झाला. हिऱ्यांच्या नोंदी ठेवणारी लंडनची कंपनी एव्हरलेजर आणि बनावट वाईन ओळखण्यात नाव कमावलेल्या मॉरीन डाऊनी यांनी मिळून शातो मार्गोच्या २००१ सालच्या एका बाटलीची ब्लॉकचेनवर नोंद केली. बाटलीची तपासणी करून ९० हून अधिक बाबी टिपल्या, मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो काढले, आणि पुढे बाटली विकली गेली की मालकीचा फेरफार तिथेच चढणार अशी सोय केली.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. बाटली खरी आहे हे ब्लॉकचेनने ठरवलं नाही. ते ठरवलं डाऊनींच्या डोळ्यांनी. ब्लॉकचेनने फक्त त्यांचं मत जपून ठेवलं. पहिलीच नोंद खोटी असेल, तर ब्लॉकचेन ते खोटंही तितक्याच इमानाने जपून ठेवेल.

दुसरी अडचण बाटली आणि नोंद यांना जोडायची. त्यासाठी बाटलीवर क्यूआर कोड किंवा मोबाईल जवळ नेला की वाचता येणारी एनएफसी चिप लावतात. क्यूआर कोडची नक्कल फोटो काढून होते, त्यामुळे महागड्या बाटलीला त्याचा फारसा उपयोग नाही. चिप जास्त भरवशाची. काही चिपांची बारीक तार बुचावरून नेलेली असते, बाटली उघडली की तार तुटते. हे गरजेचं आहे, कारण कुर्नियावान रेस्टॉरंटमधून अस्सल वाईनच्या रिकाम्या बाटल्या मागवून घ्यायचा. बाटली खरी, लेबल खरं, आतला माल भलताच! त्यात २०१३ पासून कोराव्हिन नावाचं यंत्र बाजारात आहे. ते बुचात बारीक सुई घालून वाईन काढतं आणि आत आर्गॉन वायू सोडतं, बूच जागेवरच राहतं. हे यंत्र एक ग्लास प्यायची सोय म्हणून आलंय, पण चिप कुठे आणि कशी लावायची हे ठरवताना असल्या वाटाही धरून चालाव्या लागतात.

मग मागोवा घ्यायला ब्लॉकचेन हवीच का? नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. युरोपला जाणाऱ्या खायच्या द्राक्षांसाठी 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' सुरू केलं. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी, पॅकहाऊस, निर्यातीचा दाखला, सगळं एका साखळीत. युरोपात पोहोचलेल्या मालावरून उलटं नाशिकच्या बागेपर्यंत जाता येतं. यात ब्लॉकचेन नाही, साधा एका संस्थेच्या हातातला डेटाबेस आहे. तो चालतो, कारण प्रयोगशाळेत नमुना नापास झाला तर माल जात नाही. ब्लॉकचेनची खरी गरज पडते ती जिथे विकणारा, लिलाववाला आणि घेणारा वेगवेगळ्या देशांत आहेत आणि दप्तर कुणा एकाच्या हातात द्यायची कुणाचीच तयारी नाही, तिथे.

आता टोकनचं बघू. शेतमाल वखारीत ठेवला की पावती मिळते आणि त्या पावतीवर कर्जही निघतं. वाईनचं टोकन म्हणजे साधारण तीच पावती, फक्त डिजिटल. वाईन गोदामातच पडून राहते, टोकन हातोहात विकलं जातं. ज्याला प्यायची असेल तो टोकन परत करून बाटली मागवतो. ऑस्ट्रेलियाच्या पेनफोल्ड्सने २०२१ मध्ये एका अख्ख्या पिंपाचं टोकन १,३०,००० डॉलरला विकलं. पुढे वाईन बाटल्यांत भरली की त्या टोकनची बाटल्यांची टोकन होणार, अशी योजना होती.

तयार होण्याआधी वाईन विकणं नवं नाही. बोर्दोमध्ये पिंपातली वाईन आधी विकून बाटल्या दोनेक वर्षांनी देण्याची पद्धत जुनीच आहे. धोकाही जुनाच. कॅलिफोर्नियातल्या प्रीमियर क्रू या दुकानाचा मालक जॉन फॉक्स अशीच आगाऊ ऑर्डर घ्यायचा, पण कित्येक वाईन त्याने कधी खरेदीच केल्या नव्हत्या. २०१६ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. टोकनमुळे एकच बाटली दोघांना विकणं अवघड होतं हे खरं. पण बाटली गोदामात आहे की नाही, हे टोकन सांगत नाही. म्हणून घेणाऱ्याने ॲप किती चकाचक आहे हे बघण्याआधी गोदाम कुणाचं, विमा कुणाच्या नावे, माल मोजायला बाहेरचं कुणी येतं का आणि कंपनी बुडाली तर बाटल्यांवर हक्क कुणाचा, हे विचारलेलं बरं.

भारतात राहून टोकन घेणाऱ्यासाठी कराचा एक बारकावा आहे. एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३०% कर आहे आणि एनएफटीही त्यात येतात. पण ज्या एनएफटीच्या विक्रीबरोबर खऱ्या वस्तूची मालकीही कायद्याने बदलते, त्या जून २०२२ च्या अधिसूचनेने यातून वगळल्या आहेत. तेव्हा आपलं टोकन खरोखर बाटलीची मालकी देतं, की नुसतं बाटलीचं चित्र, हे करारातल्या बारीक अक्षरांवर ठरतं. आणि टोकन मोबाईलमध्ये क्षणात आलं, तरी बाटली परदेशातून घरी आणायची तर कस्टम्स आणि राज्याचं उत्पादन शुल्क चुकत नाही.