पडद्यावरचा वाघ आणि आपल्या शिवारातला वाघ



गटाची बैठक संपते, बचत जमा होते, रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात, आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. धानाचा भाव काय निघाला, कुणाच्या सुनेचे दिवस भरले, आणि मोबाइलवर कोणी कोणता सिनेमा पाहिला. आजच्या कार्यक्रमात आम्ही ही शेवटची गप्प घेतली आहे : आपण पाहिलेले सिनेमे आणि पोरांची कार्टून.

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया सिनेमावर बोलायला लागल्या की थोड्या वेळात वाघ मध्ये येऊन बसतोच. शहरातल्या माणसासाठी वाघ म्हणजे तिकीट काढून पाहायची गोष्ट. आपल्यासाठी तो कालच्या पायवाटेवरचा ठसा. म्हणून आज वाघ असलेल्या किंवा जंगलातल्या गोष्टीच घेतल्या आहेत. कोणती आवडली, कोणती नाही आणि का, ते सांगतो. तुमचं मत वेगळं असेल तर फारच चांगलं.

सुरुवात मोगलीपासून. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बायांना हे कार्टून सांगायला नको. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ते लागायचं आणि ज्या घरी टीव्ही असेल त्या घरात अख्खा मोहल्ला जमायचा. चित्रं काढली होती जपानमध्ये, हिंदी गाणं लिहिलं होतं गुलजार यांनी, आणि शेरखान वाघाला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. लांडग्यांनी वाढवलेला माणसाचा पोर, त्याला शिकवणारा अस्वल बल्लू, काळा बिबट बघीरा, आणि त्याच्या जिवावर उठलेला शेरखान.

ही गोष्ट आपल्यापासून किती जवळची आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसेल. मूळ पुस्तक १८९४ सालचं, इंग्रजीतलं. लिहिणारे रुडयार्ड किपलिंग मुंबईतच जन्मलेले. गोष्ट घडते मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरात, आणि त्या पुस्तकात नदीचं नाव आहे वैनगंगा. शेरखान राहतो तो वैनगंगेच्या काठी. हीच वैनगंगा सिवनीकडून निघते, बालाघाट आणि भंडारा करत आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते, मार्कंड्याच्या देवळाला वळसा घालते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. जगभरातली पोरं ज्या नदीची गोष्ट पाहतात, तिच्या पाण्यावर आपला धान पिकतो. पोट्ट्यांना हे नक्की सांगा, त्यांचे डोळे मोठे होतात.

आता आमचं मत. मोगली आम्हाला तेव्हाही आवडला आणि आता पोरांसोबत बसून पाहिला तरी आवडतो. जंगलाला कायदा असतो, पाण्यावर सगळ्यांचा हक्क असतो, भूक नसताना मारायचं नसतं, हे त्यात आहे. पुस्तकात तर असंही आहे की जंगलाच्या कायद्यात माणसाला मारायची मनाई आहे, कारण एक माणूस मेला की मागून बंदुका घेऊन पुष्कळ माणसं येतात आणि त्रास सगळ्याच जनावरांना होतो. आणखी एक बारकी गोष्ट : पुस्तकातला शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे, म्हणून तो हरणामागे न धावता गावातली ढोरं मारतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांचंही हेच म्हणणं असतं ना? जखमी झाला, दात पडले, म्हातारा झाला, की वाघ गोठ्याकडे वळतो.

पटलं नाही ते हे : कार्टूनमधला वाघ बोलतो, धमकी देतो, डाव रचतो, वर्षानुवर्षं मनात राग ठेवतो. आमच्या एका गटातल्या मावशी म्हणाल्या, "आमच्या वावरात येते तो वाघ काही बोलत नाही जी. बोलला असता त बरं झालं असतं, आधीच समजलं असतं." सगळ्या हसल्या, पण बोलणं खरं आहे. वाघाचं कुणाशी वैर नसतं. तो भुकेने येतो, पिल्लांच्या काळजीने येतो, किंवा वाट चुकून येतो. वाघ म्हणजे दुष्ट, हे पोराच्या डोक्यात बसलं की एक तर ते वाजवीपेक्षा घाबरतं, नाही तर मोगलीसारखं मशाल घेऊन धावायला पाहतं. दोन्ही आपल्या कामाचं नाही.

इथेच लहान पोरांच्या बाकीच्या कार्टूनचीही गोष्ट येते. टॉम आणि जेरीचंच घ्या. १९४० सालापासून ते मांजर त्या उंदरामागे धावतं आहे. डोक्यात हातोडा बसतो, अंगावर कपाट पडतं, आणि दुसऱ्या क्षणाला टॉम उभा. हसायला येतं, आम्हालाही येतं. पण तीन-चार वर्षांच्या लेकराला हे खोटं आहे हे आपोआप कळत नाही. कार्टून म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रं. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून जातात, म्हणून ती हलताना दिसतात. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच साध्या आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून, दर वेळी एक चित्र घेऊन, पडद्यावर आगकाड्या चालवून दाखवल्या होत्या. घरी वहीच्या कोपऱ्यात पानोपानी एक पक्षी काढा, पंख जरा जरा हलवा, आणि पानं भर्रकन उलटा. पक्षी उडेल. हे एकदा स्वतः केलं की पोराला कळतं, टॉमला लागत नाही कारण तो चित्र आहे, आणि बिबट्याचं पिल्लू मात्र चित्र नाही. रस्त्यात पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, आई जवळच असते.

२०१६ साली हाच 'जंगल बुक' मोठ्या पडद्यावर आला. त्यात मोगली झालेला मुलगा तेवढा खरा. झाडं, नदी, अस्वल, वाघ, सगळं संगणकावर तयार केलेलं, आणि शूटिंग अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. दिसायला इतकं हुबेहूब की पान हललं तरी अंगावर काटा येतो. हिंदीत शेरखानाला पुन्हा नानांचाच आवाज. आमचं मत विचाराल तर पाहायला भारी, पण त्या जंगलात मोहाच्या फुलांचा वास नाही. त्या जंगलात कोणी टोपली घेऊन जात नाही, कोणाचं घर त्यावर चालत नाही. माणूस म्हणजे दुरून दिसणारी आग, एवढंच.

नानांचं नाव निघालंच आहे तर २०१४ सालचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' आठवतो. समृद्धी पोरे यांचा सिनेमा. शेरखानाचा आवाज काढणारा माणूस इथे जनावरांना जीव लावणारा डॉक्टर झाला, आणि मंदाताई झाल्या सोनाली कुलकर्णी. भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई मेलेलं माकडाचं पिल्लू प्रकाशभाऊंनी घरी आणलं आणि तिथून जनावरांचं अनाथालय उभं राहिलं. तिथे बिबटेही वाढले. हा सिनेमा आम्हाला जवळचा वाटतो, कारण त्यातली पावसाळ्यात तुटणारी वाट आपल्या ओळखीची आहे. मात्र ती गोष्ट डॉक्टर नवरा-बायकोची आहे. त्यांच्या दवाखान्यापर्यंत लेकराला पाठीवर घेऊन चालत आलेल्या माडिया बाईची गोष्ट तिच्या तोंडून ऐकायची अजून राहिली आहे.

आता 'शेरनी'. २०२१ साली आलेला, अमित मसुरकर यांचा हिंदी सिनेमा. आमच्या गटांमध्ये सगळ्यात जास्त बोलणं याच्यावर झालं. विद्या बालन यात वनाधिकारी आहे. एक वाघीण पिल्लांसह गावाजवळ फिरते आहे, माणसं मरत आहेत. वाघिणीला पलीकडच्या मोठ्या जंगलात जायचं आहे, पण मध्ये खाण खोदलेली. गावाच्या चराईच्या जागेवर लागवड झाली, म्हणून ढोरं घेऊन लोक आत जंगलात जातात आणि नेमके वाघिणीच्या वाटेत येतात. पुढारी भांडतात, शिकारी हौसेने बंदूक घेऊन येतो. पाहताना आपल्याला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली अवनी आठवते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिला गोळी घातली, तेव्हा गावोगाव दोन बाजूंनी बोलणं झालं होतं.

'शेरनी' आम्हाला पटला, कारण त्यात वाघीण दुष्ट नाही आणि गावचे लोकही अडाणी दाखवलेले नाहीत. कोळशाच्या खाणी आपण रोज पाहतो, त्यामुळे वाट अडल्यावर जनावर कुठे जाईल हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय जंगलाची माहिती असलेली गावची बाई त्यात आहे, आणि साहेबीणबाईंना शेवटी आधार मिळतो तो गावाकडूनच. एका गटात मात्र एक ताई म्हणाल्या, "शेवटी रडायला येते ते वाघिणीसाठी. मेलेल्या बाईच्या घरी पुढं काय झालं, ते कोनी दाखवलं?" त्यावर बैठक गप्प झाली.

गप्प होण्याचं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पत्ता तोडायचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. शाळेची फी, बियाणं, गटाचा हप्ता, सगळं त्याच पैशावर. घरी बसा असं सांगणं सोपं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला पहाटे जावं लागतं, आणि वाकून काम करणारा माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, असं जाणकार सांगतात. ही वाकलेली बाई सिनेमात एक तर दिसत नाही, नाही तर पहिल्या पाच मिनिटांत मरते आणि गोष्ट पुढे जाते.

आम्हाला म्हणायचं आहे ते एवढंच. सिनेमात वाघ एक तर खलनायक असतो, नाही तर बिचारा असतो. वाघाच्या बाजूचे आणि माणसाच्या बाजूचे असे दोन तट पडतात, आणि आपल्याला विचारलं जातं, तुम्ही कोणत्या बाजूच्या? आपण दोन्ही बाजूंच्या आहोत. जंगल राहिलं तर मोह राहील, पत्ता राहील, बोडीत पाणी राहील. आणि आपण जिवंत परत आलो तर घर राहील.

आपल्या जुन्या माणसांना ही गोष्ट चांगली कळत होती. ताडोबा हे नाव कशावरून आलं? तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तलावाच्या काठी, झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौष महिन्यात तिथे जत्रा भरायची. बघा, या गोष्टीत माणूस वाघाच्या हातून मेला, तरी वाघाला राक्षस केलेलं नाही. कितीतरी गावांच्या शिवेवर वाघोबाही आहे, त्याला नारळ फोडूनच लोक जंगलात शिरतात. भीती आणि मान, दोन्ही एकाच ठिकाणी ठेवायला आपले लोक शिकले होते. अशी गोष्ट अजून आम्ही तरी कोणत्या कार्टूनमध्ये पाहिली नाही.

म्हणून आमची एक सूचना. महिन्यातून एकदा, बैठक झाल्यावर, एखादा सिनेमा किंवा कार्टून मिळून पाहा. पोरांनाही बसवा. नंतर नुसतं "छान होता" म्हणून उठू नका. यातलं खरं काय, खोटं काय, ते बोला. जंगल आपण पाहिलेलं आहे, काढणाऱ्याने कदाचित नसेल, म्हणून आपल्या मताला वजन आहे. ज्या बाईने गटात सांगितलं की मेलेल्या बाईच्या घरचं कोनी दाखवलं नाही, ती उद्या ग्रामसभेतही विचारू शकते की हंगामात आमच्या सोबत वनरक्षक येणार की नाही, आणि पंचनामा झालेल्या घरची मदत कुठवर आली. बोलायची सवय एकाच ठिकाणी लागते, मग ती सगळीकडे चालते.

पहिला सिनेमा कोणता लावायचा, असं विचाराल तर एक छोटं कार्टून सुचवतो. 'एक अनेक और एकता'. १९७४ सालचं, विजया मुळे या बाईंनी केलेलं. दूरदर्शनवर कितीतरी वर्षं लागायचं, जेमतेम सात-आठ मिनिटांचं आहे. दाणे टिपायला उतरलेल्या चिमण्या जाळ्यात सापडतात, एकेकटी फडफडते तेव्हा काहीच होत नाही, सगळ्या एकदम उडतात तेव्हा जाळ्यासकट उडून जातात. पुढे उंदीर जाळं कुरतडतात आणि त्या सुटतात. ना खलनायक मारावा लागत, ना कोणी हिरो लागतो. पत्ता तोडायला एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा, बोलत-आवाज करत जा, एकीने उभं राहून चौफेर नजर ठेवा, असं आम्ही दर हंगामात सांगतो. ते पोरांना समजावून सांगायला याहून सोपं चित्र आम्हाला मिळालेलं नाही.

तुमच्या गटाने काय पाहिलं, काय पटलं नाही, ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात तुमचीच मतं वाचून दाखवू. जंगलात जाताना जपून जा. नमस्कार.