चंद्रपूरचा कोळसा आणि अंटार्क्टिकाचा बर्फ, यांचं नातं काय? समजून घ्या गोंडवनाची गोष्ट

१९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मृत्यू झाला. शोधपथकाला मृतदेहांजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यातल्या काहींवर ग्लोसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे होते. हेच झाड विदर्भातल्या खडकांमध्येही सापडतं. मधला समुद्र या झाडाने कसा ओलांडला?

उत्तर सोपं आहे. तेव्हा मध्ये समुद्रच नव्हता.

गोंडवना म्हणजे काय?

भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि मादागास्कर हे सगळे भूभाग ५० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांना जोडलेले होते. हा महाखंड म्हणजे गोंडवना. नाव आपल्याकडचंच, मध्य भारतातल्या गोंड समाजाच्या प्रदेशावरून आलेलं. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस यांनी ते महाखंडाला दिलं.

मग तो तुटला कसा?

पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेमुळे कवच ताणलं गेलं, त्याला भेगा पडल्या. भेगांतून लाव्हा आला आणि त्याचाच नवा समुद्रतळ बनत गेला. हे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं.

• सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी: भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटू लागला
• सुमारे ९ कोटी: मादागास्कर मागे राहिलं
• सुमारे ६.६ कोटी: लाव्हाच्या थरांवर थर साचले, त्यातूनच सह्याद्रीचा काळा कातळ बनला
• सुमारे ५ कोटी: भारत आशियाला धडकला, हिमालय उभा राहू लागला

आपल्याला याचं काय?

गोंडवनाच्या दलदलीत गाडली गेलेली झाडं म्हणजे आजचा कोळसा. भारतातला जवळपास सगळा दगडी कोळसा याच काळातल्या खडकांत आहे. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातल्या खाणीही त्यातल्याच. म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्रात आज जळतंय ते २५ कोटी वर्षांहून जुनं जंगल. एकदा संपलं की माणसाच्या हिशोबात ते पुन्हा तयार होणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ही धडक अजून थांबलेली नाही. भारताची प्लेट आजही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते. त्यातून साचणारा ताण अचानक मोकळा होतो, तेव्हा २०१५ मध्ये नेपाळमध्ये झाला तसा भूकंप होतो.

गोंडवना तुटून कोट्यवधी वर्षं झाली, पण त्याच्या तुकड्यांचा प्रवास अजूनही सुरूच आहे.