आकाशातील जामीनदार

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला जामीन राहणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. व्यवहार दुसऱ्याचा, पण तो फसला, तर भरपाई आपली. विमानातून प्रथमच उडी घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी शिक्षकाने स्वतःचा जीव जामीन ठेवावा, ही पद्धत आज जगभर रूढ आहे. ती घडवणाऱ्यांत अमेरिकेच्या बिल बूथ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१९४६ साली जन्मलेले बूथ १९६५ मध्ये या खेळात आले. त्या काळी नवशिक्याला जमिनीवर धडे दिले जात आणि मग विमानाच्या दारातून तो एकटाच बाहेर पडे. विमानाला जोडलेल्या पट्ट्याने त्याचे पॅराशूट उघडे. पण पुढे काही बिघडलेच, तर ते त्याला एकट्याला निस्तरावे लागे. शिक्षक वरच राहिलेला असे.

मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही, तर ते सोडून देऊन राखीव पॅराशूट उघडावे लागते. पूर्वीच्या साधनांत दोन्ही खांद्यांवरील अडकवण्या स्वतंत्रपणे सोडवाव्या लागत. एक सुटली आणि दुसरी अडकली, की संकट दुणावे. बूथ यांनी १९७० च्या दशकात यावर तीन कड्यांची युक्ती शोधली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून लहान अशा त्या कड्या दुमडल्या जातात. प्रत्येक कडी तरफेप्रमाणे भार हलका करते. शेवटी पॅराशूटचा प्रचंड ताण एका लहानशा दोऱ्याच्या फासावर येऊन थांबतो. त्या फासात ओवलेली लवचीक तार एका मुठीने ओढली, की दोन्ही खांदे जवळजवळ एकाच वेळी मोकळे होतात. आज बहुतेक क्रीडा-पॅराशूटांवर याच कड्या दिसतात.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी टेड स्ट्राँग आणि बूथ यांनी शिक्षक व शिष्य यांना एकाच पॅराशूटखाली उतरवणारी ‘टँडेम’ पद्धत विकसित केली. मात्र दोन माणसांचे वजन एकत्र आले, की पडण्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे जातो आणि त्या वेगात पॅराशूट उघडताना बसणारा हिसका घातक ठरू शकतो. म्हणून पाठीमागे एक लहान छत्री आधीच सोडण्याची सोय झाली. तिच्या ओढीने वेग एकट्या माणसाच्या पडण्याइतका, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटरवर येतो. अमेरिकेत ही पद्धत अनेक वर्षे विशेष सवलतीवर चालली. २००१ मध्ये तिला नियमांत कायमचे स्थान मिळाले. तोवर वृद्ध, अपंग, भित्रे अशा कितीतरी जणांसाठी आकाशाचे दार उघडले होते.

आयुष्यभर सुरक्षिततेची साधने घडवणाऱ्या या माणसाचे एक निरीक्षण मात्र अस्वस्थ करणारे आहे. साधने जितकी सुरक्षित होतात, तितका माणूस अधिक धोका पत्करतो, असे बूथ सांगत आले. अनुभवही तसाच आला. पॅराशूट भरवशाचे झाले, तसे अनुभवी खेळाडू अधिकाधिक लहान व वेगवान पॅराशूट निवडू लागले. पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखालीही जमिनीलगत वेगाने वळताना काहींनी प्राण गमावले. उधारीची सोय वाढली, की हात सैल सुटतो, हे पेढीवर बसणाऱ्याला ठाऊक असतेच. साधन माणसाला सावरण्याची संधी देते. शहाणपण ज्याचे त्यालाच आणावे लागते.

आपल्या घरातील एखादा तरुण उद्या अशी उडी घेण्याचा हट्ट धरील. आईवडिलांचा जीव खालीवर होणे स्वाभाविकच. केवळ नकार देण्यापेक्षा, किंवा डोळे मिटून होकार देण्यापेक्षा, जामीनदाराची चौकशी करावी तशी चौकशी करावी : शिक्षकाचा अनुभव किती, परवाना कोणता, राखीव पॅराशूट शेवटचे केव्हा तपासले, वारा वाढला तर उडी रद्द करतात का? चांगल्या शिक्षकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

दारापाशी जाण्यापूर्वी तो शिष्याला आपल्याशी जोडणारे चारही हुक, दोन खांद्यांचे व दोन कमरेचे, पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहतो. खाली उतरवणारे पॅराशूट दोघांत एकच असते.