पडद्यावर अक्षर उमटतं कसं?

४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ अंश फॅरनहाइट. नागपूरच्या मे महिन्यात हे गणित कितीदाही करा, उत्तर तेच. हास्केल या संगणकभाषेतलं प्रत्येक फंक्शन असंच वागतं. पण आत्ता नागपूरच्या सीताबर्डीत पारा किती, याचं उत्तर दुपारी वेगळं, रात्री वेगळं. आणि ते पडद्यावर छापणं म्हणजे तर थेट बाहेरच्या जगात ढवळाढवळ! मग? हास्केलचं फंक्शन स्वतः छापतच नाही; ‘हे छाप’ अशी चिठ्ठी लिहून देतं. चिठ्ठ्या क्रमाने जोडत ‘मेन’ ही एक मोठी चिठ्ठी बनते, ती अमलात आणते भाषेची यंत्रणा. सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॅडलर यांनी १९९३मध्ये मांडलेली ही युक्ती मला फार देखणी वाटते. अशा प्रत्येक चिठ्ठीवर ‘आयओ’चा, म्हणजे ‘इनपुट-आउटपुट’चा, शिक्का असतोच. विद्यार्थ्यांनो, हास्केल फुकट मिळते. एकदा वापरून बघाच.