पट्टा एकाचा, शिक्का दुसऱ्याचा

जयपूरच्या जुन्या शहरात चौगान स्टेडियम आहे. चौगान म्हणजे घोड्यावर बसून काठीने चेंडू टोलवण्याचा प्राचीन खेळ. पोलो हे त्याचेच आधुनिक भावंड. मणिपुरी स्वारांकडून इंग्रजांनी तो उचलला, इंग्लंडमधील हर्लिंगहॅम क्लबने त्याचे नियम लिहून काढले आणि १९३३ मध्ये सवाई मानसिंह यांच्या जयपूर संघाने त्याच नियमांनी खेळून इंग्लंडमधील प्रमुख स्पर्धा जिंकल्या. खेळ परक्या भूमीत रुजतो तेव्हा तो कोणाच्या नावाने आणि कोणाच्या नियमांनी खेळायचा, हा प्रश्न या शहराला नवा नाही. आज तोच प्रश्न कराटेच्या निमित्ताने पुन्हा उभा आहे.

मानसरोवर किंवा मालवीय नगरसारख्या वसाहतींत सायंकाळी फेरफटका मारला, तर शाळेच्या पटांगणावर किंवा उद्यानाच्या कोपऱ्यात पांढऱ्या पोशाखातील मुलेमुली जपानी आकडे मोजत ठोसे मारताना दिसतात. अशा वर्गांमागे कोणती ना कोणती संघटना असते. बहुतेकींच्या नावात ‘इंडिया’ असते आणि अनेकींच्या नावात ‘पारंपरिक’ही. राजस्थानात १९५८ च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था स्थापणे कठीण नाही. कठीण आहे ते हे सांगणे, की या संस्थेने दिलेल्या पट्ट्याला वर्गाबाहेर किंमत काय?

या गोंधळाची मुळे केवळ भारतात नाहीत. कराटे ही मुळात ओकिनावा बेटांची विद्या. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये तोक्योत तिचे प्रात्यक्षिक दाखवले, म्हणजे जपानच्या मुख्य भूमीलाही ती तेव्हा नवीनच होती. श्रेणींची पद्धत त्यांनी ज्युदोकडून घेतली आणि १९२४ मध्ये पहिले ‘दान’ बहाल केले. १९४९ मध्ये जपान कराटे असोसिएशन स्थापन झाली. पुढे शिष्य देशोदेशी गेले आणि वाटा फुटल्या. स्पर्धात्मक कराटेची जागतिक संघटना १९७० मध्ये उभी राहिली. हिदेताका निशियामा यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या संघटनेतून इंटरनॅशनल ट्रॅडिशनल कराटे फेडरेशन आकाराला आली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने दोघांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, तो निष्फळ ठरला. अखेर १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती वर्ल्ड कराटे फेडरेशनला.

हा वाद निव्वळ खुर्चीचा नव्हे. पारंपरिक पंथ एका निर्णायक प्रहाराला आणि त्यामागच्या संयमाला महत्त्व देतो. स्पर्धेत एक, दोन, तीन असे गुण मोजले जातात आणि आठ गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. तोक्यो ऑलिम्पिकमधील अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ डोक्यावर बसून इराणचा सज्जाद गंजजादेह कोसळला. अतिजोराच्या प्रहाराबद्दल हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या खेळाडूच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. निर्णय नियमाला धरूनच होता. पण कराटे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर दोन पंथ वेगवेगळे का देतात, हे त्या क्षणी साऱ्या जगाला दिसले.

त्या स्पर्धेत एकही भारतीय कराटेपटू नव्हता. त्याआधीच, जानेवारी २०२० मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढून घेतली होती. त्याच वर्षी जूनमध्ये वर्ल्ड कराटे फेडरेशननेही तात्पुरती मान्यता रद्द केली. पदाधिकाऱ्यांचे तंटे वरच्या मजल्यावर चालतात, त्याची झळ मात्र तळमजल्यावरच्या मुलांना बसते.

ही झळ कागदावर मोजता येते. केंद्र सरकारच्या नोकरभरतीत क्रीडा कोट्यासाठी पात्र खेळांच्या यादीत कराटे आहे. परंतु तेथे चालते ते राष्ट्रीय महासंघाच्या किंवा राज्य संघटनेच्या सचिवाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र. सात-आठ वर्षे घाम गाळून मिळवलेला काळा पट्टा तेथे पुरावा ठरत नाही. परीक्षा शुल्क भरताना हे किती पालकांना सांगितले जाते?

दुसरीकडे सरकारलाच ही विद्या हवी आहे. समग्र शिक्षा अभियानातील ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी प्रत्येक शाळेला तीन महिने दरमहा ५,००० रुपये दिले जातात. ओढणी, पिशवी, किल्ल्यांचा जुडगा यांचा बचावासाठी वापर करायला मुलींना शिकवणे हा त्याचा भाग आहे. येथे प्रश्न पदकाचा नसून शिकवणारा कोण, त्याची पारख कोणी केली, हा आहे. तीन महिन्यांत योद्धा घडत नाही. परंतु चांगला शिक्षक भीती कमी करू शकतो आणि वाईट शिक्षक मुलीला खोटा आत्मविश्वास देऊन धोक्यात लोटू शकतो.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मुळे राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि न्यायाधिकरण यांची तरतूद झाली आहे. महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असावेत, असे बंधनही आले आहे. महासंघांच्या भांडणांवर हा उपाय ठरू शकेल. मात्र कायदा मान्यताप्राप्त महासंघापाशी थांबतो आणि मानसरोवरमधील वर्ग त्याच्या खूप खाली भरतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. विद्येची परंपरा गुरूकडून शिष्याकडे जाते. शासनाने कोणत्या घराण्याचे कराटे खरे, हे ठरवण्याच्या फंदात पडू नये. संगीतात आपण ते करत नाही. पण मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाची जिल्हा पातळीवर नोंद, त्याची चारित्र्य पडताळणी, प्रथमोपचाराचे शिक्षण आणि ‘हे प्रमाणपत्र नोकरीच्या क्रीडा कोट्यासाठी ग्राह्य आहे किंवा नाही’ अशी ठळक सूचना, एवढे बंधन घालण्यास कोणतीही परंपरा आड येत नाही. जी संघटना स्वतःला पारंपरिक म्हणवते, तिने तर हे आपणहून करावे.

जयपूरचे स्वार इंग्लंडमध्ये जिंकले, कारण खेळाचे नियम कोणाचे आणि कोणते, हे मैदानात उतरण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते. पांढरा पट्टा बांधून पहिल्यांदा रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीलाही तेवढे ठाऊक असायला हवे.