खोलीचे ६००, सरकारचे ८५६

सहा मित्र, चार रात्री, तीन खोल्या आणि बेट मालदीवचं माफुशी. खोलीचा मूळ दर रात्रीला ५० डॉलर धरला, तर बारा खोली-रात्रींचे ६०० डॉलर गेस्टहाउसच्या मालकाला मिळतात. त्याच सहलीत हा गट मालदीवच्या सरकारी करांपोटी आणि शुल्कांपोटी ८५६ डॉलर भरतो. डॉलरला ८८ रुपये हा दर लावला, तर मालकाचे ५२,८०० रुपये होतात आणि सरकारी तिजोरीचे ७५,३४६. विमानाचं मूळ भाडं, बोट आणि जेवण अजून हिशेबात आलेलंच नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच सहलीवरची सरकारी वसुली ५३८ डॉलर होती. १ डिसेंबर २०२४ ते १ जुलै २०२५ या सात महिन्यांत तीन दर बदलले आणि तिच्यात ३१९ डॉलरची, म्हणजे ५९ टक्क्यांची भर पडली. माणशी आकडा ९० डॉलरवरून १४३ डॉलरवर गेला.

वाढीचा मोठा वाटा विमानाच्या तिकिटात आहे. इकॉनॉमी वर्गातून देश सोडणाऱ्या परदेशी प्रवाशाला आधी ३० डॉलर प्रस्थान कर आणि ३० डॉलर विमानतळ विकास शुल्क पडत असे. डिसेंबर २०२४ पासून दोन्ही ५०-५० झाले. माणशी ६० चे १००, सहा जणांचे ३६० चे ६००. तिकीट काढताना ही रक्कम आतच धरलेली असते, त्यामुळे बहुतेकांच्या वहीत ती ‘विमान’ या रकान्यात जाते आणि पर्यटन कर म्हणून मोजलीच जात नाही. दुसरी वाढ हरित कराची. वस्ती असलेल्या बेटांवरच्या, ५० पर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये हा कर माणशी रात्रीला ३ डॉलर होता. १ जानेवारी २०२५ पासून ६ आहे. तिसरी वाढ पर्यटनावरच्या जीएसटीची, १६ टक्क्यांवरून १७. एकूण ३१९ डॉलरपैकी २४० प्रस्थानाच्या दोन शुल्कांचे, ७२ हरित कराचे आणि साडेसहा जीएसटीचे. म्हणजे किमतीच्या प्रमाणात लागणाऱ्या एकमेव कराचा या वाढीतला वाटा २ टक्के आहे. उरलेले ९८ टक्के डोकी मोजून आकारलेले आहेत.

डोकी मोजून आकारलेला कर स्वस्त प्रवाशाला किती जड जातो, ते एका खोलीच्या बिलावर दिसतं. ५० डॉलरच्या खोलीवर आधी १० टक्के सेवाशुल्क लागतं, म्हणजे ५५. त्या ५५ वर १७ टक्के जीएसटी, म्हणजे ६४.३५. दोघांचा हरित कर १२ डॉलर. शेवटचा आकडा ७६.३५, जाहिरातीतल्या दरापेक्षा ५३ टक्के जास्त. रिसॉर्टची खोली ६०० डॉलरची असेल, तर तिथे हरित कर माणशी १२ डॉलर आहे, तरीही बिल ७९६.२० वर थांबतं. वाढ ३३ टक्के. प्रस्थानाची शुल्कं मिळवून चार रात्रींचा हिशेब केला, तर रिसॉर्टमधलं जोडपं खोलीच्या मूळ भाड्याच्या ३१ टक्के रक्कम सरकारला देतं. गेस्टहाउसमधला मित्रांचा गट १४३ टक्के देतो.

हा फरक मला तपशिलाचा वाटत नाही, कारण गेस्टहाउस ही मालदीवच्या पर्यटनातली उशिरा उघडलेली बाजू आहे. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. पुढची साडेतीन दशकं पर्यटन मुख्यतः वस्ती नसलेल्या बेटांवर, रिसॉर्टमध्येच ठेवलं गेलं. वस्तीच्या बेटावर गेस्टहाउस चालवायला २००९ नंतर वाट मिळाली आणि माफुशी या बदलाचं पहिलं मोठं ठिकाण झालं. बेट सव्वा किलोमीटर लांब आहे. बोट धक्क्याला लागली की हातगाडी घेऊन गेस्टहाउसची पोरं उभी असतात. बॅगा गाडीवर, पाहुणे मागून चालत. लोखंडी सांगाड्याला दोरीची जाळी विणलेल्या ‘जोअली’ या खुर्च्यांवर बेटावरची माणसं बसलेली असतात. इथे येणाऱ्या ५० डॉलरचा लाभ थेट वस्तीतल्या घरांपर्यंत पोचतो. हरित कर कचरा, सांडपाणी आणि किनाऱ्याच्या रक्षणासाठी आहे आणि त्याची गरज खरी आहे; राजधानी मालेचा कचरा १९९० च्या दशकापासून थिलाफुशी बेटाच्या भरावावर जातो आहे. प्रश्न दराचा नाही, आकारणीच्या पद्धतीचा आहे.

मित्रांच्या गटात काँट्री निघते, आणि माणसं वाढली की खर्च वाटला जातो असं सगळे धरून चालतात. खोलीच्या बाबतीत ते खरं आहे, पण त्याची मर्यादा लवकर येते. एकट्याला ५० डॉलरची खोली करांसह ७०.३५ ला पडते. दुसरा आला की माणशी ३८.१८, म्हणजे ४६ टक्के बचत. तिसऱ्यासाठी जादा गादी घालून खोली ६० डॉलरला मिळाली, तर माणशी ३१.७४, बचत १७ टक्के. आता सहा जणांनी तीनऐवजी दोन खोल्या घेतल्या असं समजू. चार रात्रींत गटाचे १५४ डॉलर वाचतात. त्यातले १२० मालकाच्या उत्पन्नातून जातात, १२ सेवाशुल्कातून आणि २२ सरकारच्या वाट्यातून. मालकाची आवक २० टक्क्यांनी घटली, सरकारची अडीच टक्क्यांनी. दाटीवाटीने राहून केलेली काटकसर मुख्यतः यजमानाच्या खिशातून होते.

गटाला सरकारी वाटा खरोखर कमी करायचा असेल, तर उपाय रात्रींच्या संख्येत आहे. प्रस्थानाचे १०० डॉलर सहलीमागे एकदा लागतात. दोन रात्रींच्या मुक्कामात सरकारी वसुली माणशी रात्रीला ६१ डॉलर पडते, चार रात्रींत ३६, सात रात्रींत २५. दोघांच्या खोलीत मूळ भाड्याचा माणशी वाटाही २५ डॉलरच आहे. मालक आणि सरकार यांची बरोबरी व्हायला आठवडा राहावं लागतं. शनिवार-रविवारला दोन रजा जोडून निघणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गटाला हे गणित सर्वांत महाग पडतं.

बोटीचा खर्च मात्र गटाच्या हातात आहे. विमानतळ हुलहुले बेटावर आहे आणि माफुशी मालेपासून दक्षिणेला सुमारे २७ किलोमीटर. स्पीडबोटला माणशी एका वेळचे २५ डॉलरच्या आसपास लागतात, सरकारी फेरीला साधारण २ डॉलर. सहा जणांचे जाऊन-येऊन ३०० विरुद्ध २४. स्पीडबोट पाऊण तासाच्या आत पोचवते, फेरीला दीड तास लागतो. माणशी ४६ डॉलर वाचवायला एकूण दीड-दोन तास जास्त, हा सौदा वाईट नाही. पण फेरी विमानतळावरून सुटत नाही, आधी मालेला जावं लागतं, आणि शुक्रवारी ती बंद असते, कारण तिथला साप्ताहिक सुटीचा दिवस तो आहे. फेरी चुकून विमानतळाशेजारच्या हुलहुमालेत रात्र काढावी लागली, तर तीन खोल्यांचे २२९ डॉलर जातात आणि माफुशीची आधी भरलेली खोली रिकामी राहते. एका फेरीतली बचत १३८ डॉलरची होती. दुपारनंतर किंवा शुक्रवारी उतरणाऱ्या गटाने स्पीडबोटच घ्यावी.

जेवणात दोन कर-दर आहेत आणि ते माहीत असलेले पर्यटक थोडे. गेस्टहाउसच्या जेवणावर पर्यटनाचा १७ टक्के जीएसटी लागतो, बेटावरच्या साध्या हॉटेलात सर्वसाधारण ८ टक्के. १० डॉलरचं जेवण पहिल्या ठिकाणी सेवाशुल्कासह १२.८७ ला पडतं, दुसऱ्या ठिकाणी १०.८० ला. शिवाय दुसऱ्या ठिकाणचे मूळ दर स्थानिक गिऱ्हाइकासाठी लावलेले असतात आणि तिथल्या चलनात, रुफियात असतात. अधिकृत दर डॉलरला १५.४२. सकाळी तिथे मसहुनी मिळते. ट्यूना, म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो मासा, शिजवून कुस्करलेला; त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, जी आपल्या पोळीची जवळची नातेवाईक आहे. मराठी माणसाला हा नाश्ता परका वाटत नाही. शाकाहारी गटाला मात्र गेस्टहाउसशीच आधी बोलून ठेवावं लागतं, आणि मग दर १७ टक्क्यांचा.

दारूचा रकाना या सहलीत जवळजवळ कोरा राहतो. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, ती देशात आणताही येत नाही. विमानतळावर काढून ठेवतात. काही गट त्यासाठी समुद्रात नांगरलेल्या बोटीवर जातात. तिथे जाणं हा वेगळा खर्च आहे, तो आधी ठरवूनच निघावं.

या करांचा पर्यटकांच्या संख्येवर परिणाम झाला का, हे पाहताना भारतीय पर्यटकांच्या आकड्यांत एक विसंगती दिसते. २०२३ मध्ये २.०९ लाख भारतीय मालदीवला गेले, २०२४ मध्ये सुमारे १.३ लाख, घट सुमारे ३७ टक्के. त्याच वर्षी मालदीवचे एकूण पर्यटक १८.७८ लाखांवरून २०.४६ लाखांवर गेले. वाढ ९ टक्के. घटीचं कारण म्हणून मालदीवच्या उपमंत्र्यांनी पंतप्रधान मोदींवर केलेल्या शेरेबाजीवरून झालेला जानेवारी २०२४ चा वाद सांगितला जातो, आणि तो एक कारण आहेच. पण भारताचा वाटा २०२१ मध्ये २२ टक्के होता, २०२२ मध्ये १४, २०२३ मध्ये ११ आणि २०२४ मध्ये ६. घसरणीचा मोठा भाग वादाच्या आधीचा आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे इतर अनेक देशांची दारं बंद होती आणि मालदीवचं उघडं होतं. इतरांची दारं उघडली तसा भारताचा वाटा उतरला. नव्या करांशी २०२४ च्या घटीचा संबंध जोडता येत नाही, कारण पहिली करवाढच त्या वर्षाच्या डिसेंबरची आहे.

तुलनेला अंदमान घेऊ. मुंबईपासून माले हवाई अंतराने सुमारे १,६५० किलोमीटर, जवळपास सरळ दक्षिणेला. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, सुमारे २,३०० किलोमीटर. परदेश ६५० किलोमीटरने जवळ आहे. पण करांची दिशा उलटी आहे. भारतात ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ४,४०० रुपयांची, म्हणजे ५० डॉलरचीच खोली अंदमानातल्या स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक) आधी ४,९२८ ला पडत होती, आता ४,६२० ला. माफुशीत दोघांसाठी तीच खोली ६,१४२ ला पडत होती, आता ६,७१९ ला. एका वर्षात दोन बेटांमधलं अंतर खोलीमागे १,२१४ रुपयांवरून २,०९९ वर गेलं. लक्षद्वीप या तुलनेत बसत नाही. तिथे वस्तीची बेटं १० आणि भारतीयालाही प्रवेश परवाना लागतो, उलट मालदीव भारतीयाला व्हिसा विमानतळावर मोफत देतो.

रिसॉर्ट आणि गेस्टहाउस यांच्या कमाईतलं अंतर मालदीव सरकारला माहीत नाही असं नाही. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या परकीय चलन कायद्यात रिसॉर्टने एका पर्यटकामागे ५०० डॉलर स्थानिक बँकेत बदलायचे होते, ५० पर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसने २५. प्रमाण २० ला १. त्याच महिन्यात वाढलेल्या हरित करात, त्याच ५० खोल्यांच्या रेषेवर, प्रमाण २ ला १ ठेवलं गेलं. हरित कर खोलीच्या दराच्या टक्केवारीत आकारता येईल. वरच्या उदाहरणातलं ६०० डॉलरच्या खोलीतलं जोडपं आज दराच्या ४ टक्के भरतं. तोच ४ टक्के दर माफुशीच्या सहा मित्रांना लावला, तर त्यांचा हरित कर १४४ डॉलरवरून २४ वर येईल आणि रिसॉर्टमधल्या पाहुण्याच्या बिलात एका डॉलरचाही फरक पडणार नाही.